शॉर्ट स्केल बेस घ्यायचा विचार आहे, ३४ इंची झेपत नाहीये

निशिगंध_नाशिक

नमस्कार मंडळी. मी मुळात गिटारवाली, म्हणजे कॉर्ड धरायच्या आणि गाणी म्हणायची एवढाच प्रकार. आमचा ऑफिसातल्या लोकांचा ग्रुप आहे, दोन गायक, एक कीबोर्ड, तबला ढोलकी दोन्हीला एकच माणूस आणि मी. जुनी हिंदी, भावगीतं, शेवटी लोक उठायला लागले की दोन कोळीगीतं. गणपतीत सोसायट्यांमध्ये आणि कोजागिरीला कार्यक्रम असतात. आत्तापर्यंत खर्जाचं काम कीबोर्डवाला डाव्या हाताने उरकायचा, पण आता त्याला दोन्ही हात सुरावटीसाठी पाहिजेत, म्हणून सर्वानुमते बेस गिटार माझ्या गळ्यात मारण्यात आला आहे.

एका मित्राचा प्रिसिजन टाइपचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या ३४ इंची मॉडेलसारखा बेस सध्या घरी आणलाय. आवाज मस्त, पण माझी उंची पाच फूट आणि हात त्याच हिशोबाचे. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) पहिलं बोट ठेवलं की चौथ्या फ्रेटपर्यंत करंगळी जाता जात नाही, गेली तरी दाबायला जोर उरत नाही, आणि अर्ध्या तासात मनगट आणि अंगठ्याखालचा भाग दुखायला लागतो. शिवाय उभं राहून वाजवलं की डावा हात एवढा लांब जातो की खांदा खाली ओढल्यासारखा वाटतो.

नेटवर वाचलं की ३० इंची शॉर्ट स्केल बेस असतो, स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. पण त्याबद्दल अर्धे लोक म्हणतात लहान मुलांचं खेळणं आहे, अर्धे म्हणतात एकदा घेतला की परत जात नाही कोणी. नाशिकमध्ये एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला मॅडम सवय होईल, मोठाच घ्या, आणि त्याच्याकडे मोठाच होता हे उघड आहे. बजेट पंचवीस ते तीस हजार, ॲम्प वेगळा धरून. घ्यावा का? घेतला तर कोणता? आणि न बघता ऑनलाइन मागवायची हिंमत करावी का?

---

दणका

दुकानदार बरोबर बोलला. सवयच लागते. बेस म्हणजे ३४ इंच, फेंडरने उगाच नाही ठरवलं ते. शॉर्ट स्केलला तारा लोंबतात, आवाज गुबगुबीत येतो, ढोलकी आणि कीबोर्ड सुरू झाले की तुम्ही काय वाजवताय ते कोणाला कळणार नाही. शिवाय विकायला जाल तर गिऱ्हाईक मिळत नाही. रोज थोडं स्ट्रेचिंग करा, दोन महिन्यांत बोटं उघडतात. माझी पण उघडली.

---

खर्जवाला_ठाणे

दणका भाऊ तुमची उघडली कारण तुमचा पंजा तेवढा असेल. हाड स्ट्रेचिंगने लांब होत नाही.

निशिगंध ताई, एक रुपया खर्च न करता तुम्हाला हे घरबसल्या तपासता येईल, आणि खरं सांगायचं तर दुकानात जायच्या आधी प्रत्येकाने हे करावं असं माझं मत आहे. तुमच्याकडे जो ३४ इंची बेस आहे त्याच्या दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, आता दुसऱ्या फ्रेटवर आला असं समजा. तिथून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तिथपर्यंत) उरलेली लांबी येते ३०.३ इंच, म्हणजे जवळजवळ शॉर्ट स्केलच. फ्रेटमधलं अंतरही शॉर्ट स्केलएवढंच, डाव्या हाताला जावं लागतं ते अंतरही तेवढंच कमी, पावणेचार इंचांच्या आसपास. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला तर ३२ इंच, ज्याला मीडियम स्केल म्हणतात. तिसऱ्यावर लावला तर २८.६, आणि आयबानेझचा मायक्रो जो येतो त्याचा स्केल बरोबर तेवढाच आहे. म्हणजे तीन साइजचे बेस तुमच्या घरात आत्ता पडलेले आहेत.

पुढची गंमत. चारही तारा आधी एक सूर उतरवा, ई ची डी, ए ची जी असं करत, आणि मग दुसऱ्या फ्रेटला कॅपो लावा. आता मोकळी तार वाजवली की परत ईच ऐकू येते, पण ताण शॉर्ट स्केलएवढा झालेला असतो. म्हणजे नुसतं अंतरच नाही, तारांचा ढिलेपणा कसा लागतो तेही कळेल. साधा गिटारचा स्प्रिंगवाला कॅपो बेसच्या जाड तारेवर नीट बसत नाही कधीकधी, ई तार भणभणते, तर स्क्रूने आवळायचा असेल तो वापरा. कॅपो नसेल तर मोकळ्या तारा न वाजवता तिसऱ्या फ्रेटपासून वाजवून बघा, अंतराचा अंदाज तरी येईल.

आकड्यात हवं असेल तर, ३४ इंचीवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३ सेंटीमीटर होतात, ३० इंचीवर साडेअकरा. दीड सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण करंगळीला विचारा.

---

निशिगंध_नाशिक

हे कोणीच सांगितलं नव्हतं!! कॅपो आहे माझ्याकडे, स्क्रूवालाच आहे. शनिवारी करून बघते आणि सांगते.

दणका, स्ट्रेचिंगचं माहीत आहे, गिटारला पण केलंय. पण दुखणं ताणाचं नाहीये, दाबण्याचं आहे. असं मला तरी वाटतं.

---

पणजीचो_पाव

बाय, मी जुना माणूस, आधी डबल बेस (उभा धरून वाजवायचा मोठा) आणि मग इलेक्ट्रिक, चर्चच्या फेस्ताला आणि लग्नाच्या बँडात आयुष्य गेलं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे पण एक गोष्ट इथे कोणी बोलेना म्हणून लिहितो.

डबल बेसचा स्केल ४१-४२ इंच असतो. तुमच्या त्या ३४ पेक्षा सात-आठ इंच मोठा, आणि तार तर दोरखंड. तो वाजवणारे सगळे काय सहा फुटी होते? आमच्या गोव्यातले किती वादक मुंबईत सिनेमाच्या स्टुडिओत डबल बेस घेऊन उभे राहायचे, त्यातले कितीतरी तुमच्याच उंचीचे. मग जमायचं कसं? कारण चार फ्रेटला चार बोटं असा हट्टच नाही तिथे. सिमांडल नावाचा व्हिएन्नातला वादक होता एकोणिसाव्या शतकात, त्याच्या पद्धतीत खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं बोट करंगळीच्या मदतीला दाबायला. चार ऐवजी तीनच घरं हाताखाली घ्यायची आणि पुढच्या सुरासाठी बोटं ताणायची नाहीत, अख्खा हात सरकवायचा. इलेक्ट्रिकवर पहिल्या पाच फ्रेटमध्ये मी अजून असाच वाजवतो, पाचव्याच्या वर गेलो की चार बोटं.

तुम्ही गिटारवरून आलात ना, म्हणून प्रत्येक घराला एक बोट लावत असणार. ते सोडा आधी. आणि अंगठा. गिटारला कॉर्ड धरताना आपण अंगठ्याने मान मागून आवळतो, बेसला तसं आवळलं तर दुखणारच, मग ३० इंच असो की ३४. अंगठा मागे नुसता टेकवायचा, तार दाबायला दंडाचं वजन वापरायचं. फ्रेटच्या मधोमध दाबू नका, फ्रेटच्या तारेला अगदी चिकटून दाबा, निम्म्या जोरात सूर येतो.

पट्टा वर घ्या. बसून वाजवताना बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावर राहिला पाहिजे. मांडीपर्यंत लोंबवून वाजवायची फॅशन पोरांना शोभते, मनगटाला नाही.

एवढं करून मग शॉर्ट स्केल घ्यायचा तर घ्या, वाईट काहीच नाही त्यात.

---

दणका

काका सहमत, तेच म्हणतोय, टेक्निक सुधारा, वाद्य बदलून काय होणार.

---

पणजीचो_पाव

मी ते म्हटलं नाही. दोन्ही करा म्हटलं.

---

म्युनिकचा_मोरे

खेळणं म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, कारण हा गैरसमज प्रत्येक ठिकाणी भेटतो.

मुळात इलेक्ट्रिक बेस जन्माला आला तोच आखूड. सिएटलमध्ये पॉल टटमार्कने १९३० च्या दशकात ऑडिओव्हॉक्स नावाने जो फ्रेटवाला, मांडीवर आडवा धरायचा बेस बनवला तो ३० इंचांच्या आसपास होता. फेंडरचा ३४ इंची प्रिसिजन आला १९५१ मध्ये. गिब्सनने १९५३ मध्ये स्वतःचा बेस काढला तो साडेतीस इंची. इकडे जर्मनीत होफ्नरने १९५६ च्या सुमारास व्हायोलिनच्या आकाराचा ५००/१ काढला, पोकळ आणि हलका, तोही ३० इंचीच. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने तो १९६१ मध्ये हॅम्बर्गमध्ये घेतला कारण परवडत होता, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. तो बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नास वर्षांनंतर सापडून परत मिळाला, २०२४ मध्ये बातमी आली होती, तुम्ही वाचली असेल.

क्रीम बँडच्या जॅक ब्रूसकडे गिब्सनचा ईबी-३, शॉर्ट. टॉकिंग हेड्स बँडच्या टीना वेमथकडे फेंडर मस्टँग, शॉर्ट. आणि जे लोक म्हणतात की शॉर्ट स्केलवर आवाज गुबगुबीतच येतो त्यांनी स्टॅन्ली क्लार्क ऐकावा, त्याचा अलेम्बिक कंपनीचा बेस ३०.७५ इंची आहे आणि आवाज काचेसारखा लख्ख.

मस्टँग १९६६ चा. लिओ फेंडरने स्वतःची कंपनी विकल्यावर काढलेला, आणि तो विद्यार्थ्यांसाठी म्हणून खपवला गेला, म्हणून त्याच्यावर खेळण्याचा शिक्का बसला. तेवढंच कारण आहे. आवाजात काही नाही तसं.

---

खर्जवाला_ठाणे

मोरे साहेब झकास. पण आवाज वेगळा असतो हे मान्य करू या, नाहीतर ताई घेतील आणि म्हणतील तुम्ही फसवलंत.

ई तार कुठल्याही बेसवर ४१ हर्ट्झच, त्यात फरक नाही. पण तीच तार ३० इंचावर त्याच सुराला लावायची तर ताण २२ टक्के कमी लागतो. ढिली आणि आखूड जाड तार, त्यामुळे मूळ सूर भरपूर येतो आणि वरचे बारीक स्वरांश, ते पियानोसारखं जे खणखणतं ना, ते कमी येतं. सूर फुगल्यासारखा गोल येतो. डिस्टॉर्शनवाल्या दोन गिटार असतील तर तो त्यात हरवू शकतो, तिथे दणका भाऊंचं खरं आहे. पण ताईंचा ग्रुप काय आहे? दोन गायक, कीबोर्ड, तबला. जुनी हिंदी गाणी. अहो त्या गाण्यांना हाच आवाज पाहिजे, तो पन्नास-साठच्या दशकातला डबल बेसचा ठुम ठुम. फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावा, ब्रिजच्या जवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवा, आणि अंगठ्याने वाजवा. जुन्या मस्टँगला कंपनीच तसा फोम लावून द्यायची.

फक्त एक सांभाळायचं. तार ढिली असल्यामुळे जोरात दाबली की सूर चढतो, आणि उजव्या हाताने जोरात ओढली की फ्रेटवर आपटून खट आवाज येतो. गिटारवाले सुरुवातीला दोन्ही करतात. हलक्या हाताने वाजवा आणि ॲम्प वाढवा. कोळीगीतात जोश आला की लोक हमखास तार ओढायला लागतात, तिथे लक्ष ठेवा.

---

निशिगंध_नाशिक

करून बघितलं. सविस्तर लिहिते कारण मलाच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या फ्रेटला कॅपो, तारा एक सूर खाली. करंगळी पोचली, आरामात. खांदा खेचला जात नाही. तारा मऊ लागल्या, गिटारपेक्षा जाडच पण बोटाला त्रास नाही. मग तिसऱ्याला पण लावून बघितला तर ते मला जरा दाटीवाटीचं वाटलं, म्हणजे मायक्रो बहुतेक नको.

पण काकांचं पण खरं निघालं. कॅपो लावूनही थोड्या वेळाने अंगठ्याखाली दुखायला लागलं, तेव्हा लक्ष देऊन बघितलं तर मी खरंच मागून आवळत होते. अंगठा सैल सोडून, एक दोन चार बोटांनी वाजवलं तर दुखणं बरंच कमी. मग कॅपो काढून ३४ वर तसंच वाजवलं, जमतं, पण पहिल्या तीन फ्रेटात अजूनही ओढाताण होते आणि उभं राहिल्यावर खांद्याचं दुखणं तसंच. तर ठरलं, ३० इंचीच.

आता मॉडेल. स्क्वायरचा ब्रॉंको, आयबानेझचा टॅलमन टीएमबी३०, आणि बजेट ताणून स्क्वायरचा क्लासिक व्हाइब मस्टँग. व्हायोलिनवाला दिसायला फार गोड आहे पण नवरा म्हणतोय की दिसण्यावर जाऊ नकोस. तुम्ही सांगा.

---

ब्रॉंकोवाली

मी ब्रॉंको वाजवते म्हणून त्याचंच सांगते. स्वस्त, हलका, मान बारीक, हातात घेतला की लगेच आपला वाटतो. पण त्याला एकच पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पला देणारा भाग) आणि तो सिंगल कॉइल, म्हणजे गुणगुण करतो. घरी चालतं हो, पण गणपतीच्या मांडवात जिथे लाइटिंगचे डिमर, जनरेटर आणि अर्थिंगचा पत्ता नाही तिथे दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तुमचाच बेस सगळ्यांत जास्त बोलतो. जुन्या ब्रॉंकोला ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच सॅडल (तार टेकते ते तुकडे) असायचे, त्यामुळे प्रत्येक तारेचं इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं, वेगळं जुळवता यायचं नाही. सेकंड हँड घेत असाल तर ते बघा.

मस्टँगचा पिकअप दोन तुकड्यांचा असतो, दोन दोन तारांना एक, तो गुणगुणत नाही. टॅलमनला प्रिसिजनसारखा एक आणि फेंडरच्या जॅझ बेससारखा एक असे दोन, त्यामुळे आवाजाचे प्रकार जास्त मिळतात. तुमच्या मांडवाच्या कार्यक्रमांसाठी मी या दोनातलाच एक घेईन.

व्हायोलिनवाल्याबद्दल नवऱ्याचं अर्धं ऐका. आवाज सुंदरच आहे त्याचा, जुन्या गाण्यांना तर फारच. पण बॉडी एवढी हलकी की डोकं जमिनीकडे जातं, डाव्या हाताने मान उचलून धरायला लागते. ज्या खांद्यासाठी हे सगळं चाललंय त्याच खांद्यावर परत भार. गिब्सन एपिफोनचा तो शिंगवाला ईबी आकार, त्याचंही तेच. खरबरीत आतल्या बाजूचा रुंद पट्टा लावून थोडं सावरतं, पण पूर्ण नाही. पोकळ असल्यामुळे मोठ्या आवाजात फीडबॅक (स्पीकरची घूं किंवा शिटी) पण देतो. मस्टँग मात्र पट्ट्यावर सरळ राहतो.

दुकानात बघायला गेलात तर पट्टा घरून घेऊन जा. दुकानदार नेहमी स्टुलावर बसवून वाजवायला देतो, आणि बसून सगळेच बेस बरे वाटतात. उभ्या राहा, दोन्ही हात सोडा, मान कुठे जाते ते बघा. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा, सावकाश. सगळ्यांत बारीक ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो का तेही ऐका, बऱ्याच बेसमध्ये असतो असा एखादा, पण किती मरतो ते महत्त्वाचं. शेवटी वरच्या फ्रेटवर जी तार दाबून बघा, मानेच्या कडेवरून खाली घसरत असेल तर दुसरा पीस मागा.

---

दणका

ठीक आहे, टॅलमन घ्या मग. दोन पिकअप आहेत तर निदान आवाज तरी कापून बाहेर येईल.

आणि ॲम्पचं कोणी बोलत नाहीये. आठ इंची स्पीकरचा घरगुती प्रॅक्टिस ॲम्प घेऊन मांडवात गेलात तर ३० काय आणि ३४ काय, खालचे सूर ऐकूच येणार नाहीत. कार्यक्रमाला डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) सरळ मिक्सरला द्या. साउंडवाल्याला आधी सांगा की बेस आहे, नाहीतर तो तुम्हाला मोनिटरमध्ये देत नाही आणि बाहेर सब (खर्जाचा स्पीकर) बंद ठेवतो. घरी हेडफोन लावून वाजवा. ॲम्पचे पैसे सध्या वाचवा आणि तेच बेसमध्ये घाला.

---

खर्जवाला_ठाणे

हे एकदम पटलं.

---

निशिगंध_नाशिक

दणका मनापासून धन्यवाद, हे डीआयचं तर डोक्यातच नव्हतं. आमचा कीबोर्डवाला सरळ मिक्सरलाच देतो, त्याला विचारते.

पुढच्या आठवड्यात मुंबईला जायचंय, तिथे धोबी तलावला जाऊन टॅलमन आणि मस्टँग दोन्ही मिळतात का बघते, आधी फोन करून. पट्टा घेऊन जाणार. अजून एक, फ्लॅटवाउंड तारांचं म्हणालात, तर साधा बेसचा सेट घेऊन जास्तीचा तुकडा कापून टाकला तर चालेल का? शॉर्ट स्केलचा वेगळा सेट कुठे दिसत नाहीये आणि दिसतोय तिथे महाग आहे.

---

खर्जवाला_ठाणे

शक्यतो नको. फ्लॅटवाउंडला तर नकोच.

कारण असं की बेसच्या तारेला शेवटाकडे एक निमुळता भाग असतो, तो खुंटीवर गुंडाळायचा. लाँग स्केलची तार शॉर्टवर लावली की निमुळता भाग सुरू व्हायच्या आधीच जाड भाग खुंटीवर येतो. फ्लॅटवाउंडचा जाड भाग तिथे वळवला की वरची पट्टी उकलते किंवा तुटते आणि पैसे पाण्यात. राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेली, एखादवेळी चालून जाते. तरीही कापायची वेळ आलीच तर जिथे कापायची त्याच्या अलीकडे आधी काटकोनात वाकवा आणि मग पुढे कापा, नाहीतर आतली तार फिरते आणि आवाज मेल्यासारखा येतो.

सेट मागवायच्या आधी टेप घ्या आणि तार जिथे अडकते त्या टोकापासून नटपर्यंत मोजा. हे आवर्जून सांगतो कारण काही मस्टँग टाइपच्या बेसना तारा बॉडीच्या मागून आरपार येतात, तिथे दोन-अडीच इंच जास्त लागतात आणि शॉर्ट स्केलचा सेट अपुरा पडतो, मीडियम घ्यावा लागतो. मोजलेल्या लांबीपेक्षा तारेचा जाड भाग इंच-दीड इंच जास्त असला पाहिजे, म्हणजे तो नटच्या पुढे जाऊन खुंटीच्या आत संपतो. सेटच्या पानावर ही लांबी दिलेली असते. डॅडारिओचा क्रोम्सचा शॉर्ट सेट ४५ ते १०० गेजचा (जाडीचा) येतो, तो तुमच्या कामाला छान. थॉमास्टिक त्याहून मऊ आणि त्याहून महाग. ला बेला पण आहे.

महाग वाटतात पण फ्लॅट तारा वर्षानुवर्षं चालतात, जुन्या झाल्या की उलट बऱ्या वाजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा म्हणजे झालं.

---

पणजीचो_पाव

तारा बदलल्यावर सेटअप करून घ्या बाय. फ्लॅटचा ताण सहसा जास्त असतो, मान थोडी वाकते, ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा फिरवावा लागतो. येत नसेल तर करणाऱ्याकडून करून घ्या, जोर लावून फिरवू नका. नटच्या खाचा पण बघायला सांगा. स्वस्त बेसमध्ये खाचा उंच ठेवलेल्या असतात, पहिल्या फ्रेटला तार दाबायला उगाच जोर लागतो आणि सूरही चढा येतो. माझं मत विचाराल तर तुमच्या करंगळीचं निम्मं दुखणं त्या मित्राच्या बेसच्या नटमध्येच असणार. त्यालाही सांगा, त्याचा पण भला होईल.

पावसाळ्यात मान परत हलेल. आमच्याकडे तर दर जूनला हलते.

---

निशिगंध_नाशिक

काका तुम्ही न बघता कसं ओळखलंत, नटवर तार खरंच एवढी वर आहे की खालून व्हिजिटिंग कार्डं दोन जातील. मित्राला फोटो पाठवलाय.

---

ब्रॉंकोवाली

मुंबईला कधी जाताय ते इथे टाका, मी परळलाच असते, येईन सोबत. मलाही तो टॅलमन वाजवून बघायचाय.